संसाराच्या वहीतील एक ओळ

ज्ञानदेवांनी ज्या रेड्यामुखी वेद वदविले असे परंपरा सांगते, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आहे. मुक्या जिवापुढे माथा टेकणारे आपण. पण नव्या संसाराच्या भाड्याच्या खोलीत पाळलेली मांजर व्याली, की पिले पोत्यात घालून फाट्यावर सोडण्याचा विचार प्रथम सुचतो. लग्नाचे कर्ज, घरभाडे, गावी धाडावयाचे पैसे यांची तोंडमिळवणी करताना ही अडचण खोटी नव्हे. तथापि पाळीव जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पिले आठ आठवडे आईपाशी ठेवावीत, मग त्यांना चांगली घरे पाहावीत आणि मांजरीची नसबंदी करून घ्यावी. हा एकवेळचा खर्च वर्षातून दोन-तीनदा उद्भवणाऱ्या पेचापेक्षा स्वस्तच पडतो. मात्र तो पतीने परस्पर नाकारू नये, पत्नीने लपवून करू नये. दोघांनी बसून वहीत मांडावा. उद्या त्याच वहीत बाळाचे दूध आणि वडीलधाऱ्यांची औषधे यावयाची आहेत. एकत्र हिशेब करण्याची सवय आजच लागलेली बरी.