हंपी : देवाला दगड, राजाला लाकूड

#थ्रेड
१/ हंपीच्या दोन दिवसांच्या सहलीत विरूपाक्ष मंदिर, विठ्ठल मंदिरातील दगडी रथ, उग्रनरसिंह आणि हेमकूटावरील सूर्यास्त यांना भरपूर वेळ दिला जातो. राजवाड्यांचा परिसर मात्र परतीच्या वाटेवर तासाभरात उरकला जातो. हा क्रम उलटा असावयास हवा. विजयनगर ही राजधानी होती, आणि राजधानीची ओळख पटते ती राजपरिसरात.

२/ मराठी प्रवाशाची ओढ विठ्ठल मंदिराकडे असणे स्वाभाविकच. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरास नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असे वारकरी परंपरा सांगते. त्यामुळे तेथील रिकाम्या गाभाऱ्यासमोर पाय रेंगाळतात. परंतु तेथूनच माघारी फिरणारा मनुष्य ‘मंदिरांचे नगर’ एवढेच चित्र घेऊन घरी येतो. हे चित्र पुष्कळ अंशी बांधकामाच्या साहित्याने घडवलेले आहे.

३/ देवालये ग्रॅनाइटची होती. राजवाड्यांची जोती दगडी, परंतु वरचा डोलारा लाकडाचा. शंभर खांबांच्या दरबाराचे आज केवळ जोते उरले आहे. त्यावर दहा ओळींत दहा-दहा खांब बसवण्याच्या खोबणी दिसतात. १५६५ च्या पराभवानंतर नगर जळाले तेव्हा लाकूड गेले, दगड राहिला. १८२८ च्या आगीनंतरचा शनिवारवाडा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

४/ महानवमी दिब्ब्याचीही हीच कथा. थरांवर थर चढवलेल्या या चौथऱ्याच्या बाजूंवर हत्ती, घोडे, शिकारी, नर्तकी आणि परदेशी पोशाखातील माणसे कोरलेली आहेत. माथ्यावरचा मंडप मात्र नाहीसा झाला. १५२० च्या सुमारास येथे आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायस संपूर्ण हस्तिदंताने मढवलेल्या दालनाचे वर्णन करतो. त्या दालनाचा मागमूसही आज नाही. म्हणजे राजधानीचे जे अंग सर्वाधिक वैभवशाली होते, तेच आज सर्वाधिक रिकामे दिसते, आणि पर्यटक ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ म्हणून पुढे जातो.

५/ राजपरिसरात जे टिकले, ते दगड-चुन्यात बांधलेले होते. गजशाळेची अकरा दालने एका रांगेत उभी आहेत आणि त्यांवरील घुमटही सगळे एकसारखे नाहीत. कमल महालाच्या कमानी पाहताच बहमनी वास्तूंची आठवण होते. छपरावर मात्र मंदिराच्या धाटणीची नऊ शिखरे आहेत. (‘कमल महाल’, ‘राणीचे स्नानगृह’, ‘झनाना’ ही नावे बऱ्याच नंतरच्या काळात चिकटलेली. तथाकथित राणीवशाला लागूनच हत्तींची दालने कशी, हा प्रश्न पाटी वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पडतो.)

६/ हिंदू राजाने घुमट आणि कमानी का बांधल्या? याची दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, हे परकीय अनुकरण. दुसरे म्हणते, हे धार्मिक ऐक्याचे प्रतीक. दोन्ही उत्तरे आजच्या काळाने लिहिलेली आहेत. ज्या बहमनी सुलतानांशी रायचूर दोआबासाठी पिढ्यान्‌पिढ्या युद्धे झाली, त्यांच्याच दरबारी थाटातून विजयनगरने निवडून घेतले. त्या काळी दख्खनमध्ये सार्वभौम राजा कसा दिसावा, याचे काही संकेत रूढ झाले होते. ते आत्मसात करणे हा सत्तेचा व्यवहार होता. त्याला न्यूनगंड म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्याला बंधुभाव म्हणणेही.

७/ चौदाव्या शतकापासून या राजांच्या शिलालेखांत ‘हिंदुरायसुरत्राण’ हे बिरुद येते. ‘सुरत्राण’ हे ‘सुलतान’चे संस्कृत रूप. हिंदू राजांमधील सुलतान! इतिहासकार फिलिप वॅगनर यांनी १९९६ मध्ये याच बिरुदावरून दरबारी पोशाखाचा माग काढला. दरबारात ‘कबायी’ हा लांब अंगरखा आणि ‘कुळ्ळायी’ ही उंच टोपी वापरात होती. तिरुमलैच्या मंदिरात कृष्णदेवरायाची कांस्यमूर्ती आहे. तिच्या डोक्यावर उंच टोपी आहे, परंतु अंग उघडे आहे आणि हात जोडलेले. देवापुढचा राजा वेगळा, दरबारातला वेगळा. दगडी मंदिर आणि घुमटाचा महाल एकाच नगरात कसे नांदले, हे त्या मूर्तीकडे पाहून कळते.

८/ याचा अर्थ १५६५ चा विध्वंस सौम्य करून सांगावा असा नव्हे. उग्रनरसिंहाचे तुटलेले हात समोरच आहेत. तथापि त्या युद्धाची कथा दोन धर्मांच्या सरळ रेषेत बसवली की एक तपशील अडचणीचा ठरतो : रामरायाविरुद्ध उभा राहिलेला गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह राजपुत्र असताना विजयनगरच्याच आश्रयाला येऊन कित्येक वर्षे राहिला होता. हे लोक एकमेकांना फार जवळून ओळखत होते.

९/ म्हणून हंपीचा पहिला दिवस हजारराम मंदिरापासून सुरू करावा. हे मंदिर ऐन राजपरिसरात आहे. बाहेरच्या प्राकारावर हत्ती, घोडे, सैनिक आणि नर्तकींच्या मिरवणुका आहेत. आत मंदिराच्या भिंतींवर रामकथा. येथून उत्तरेकडे सरळ रेषेत मातंग टेकडी येते. जॉन फ्रिट्झ आणि जॉर्ज मिशेल यांनी राजपरिसराची मांडणी उलगडली ती याच अक्षाच्या आधारे. त्यानंतर दरबाराचे जोते, दिब्बा आणि पायऱ्यांची पुष्करिणी पाहावी. पुष्करिणीच्या दगडांवर, कोणता चिरा कोठे बसवायचा हे दाखवणाऱ्या गवंड्यांच्या खुणा आजही वाचता येतात.

१०/ वेळ उरला तर कमलापूरहून तलारीघट्टाकडे जाणाऱ्या रस्त्यावर थांबावे. दुसऱ्या देवरायाच्या सेवेतील अहमदखान नावाच्या अधिकाऱ्याने १४३९ मध्ये, आपल्या राजाला पुण्य लाभावे म्हणून, तेथे एक वास्तू बांधली. तिला ना घुमट, ना मिनार. मंदिराच्या मंडपासारखे दगडी खांब आणि सपाट छप्पर. आज ती मशीद म्हणून ओळखली जाते. तिच्या कन्नड शिलालेखातील शब्द मात्र ‘धर्मसाले’ असा आहे.