डोहाचा धनी कोण?

नदीतील मासे भोयांनी संपविले, हा सिद्धांत आमच्या सुशिक्षित मंडळींत इतका रूढ झाला आहे की, त्याला पुरावा मागणेही असभ्यपणाचे ठरावे. जे सर्वांचे ते लुटले जावयाचेच, असे १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी प्रतिपादिले. तेच आमचे पंडित अद्याप घोकीत आहेत. सामाईक संपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी राखू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ही वार्ता त्यांच्या कानी गेलेली दिसत नाही.

या मंडळींनी एकदा वैशाखात यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या काठाने चालून पाहावे. नदी जागोजागी आटलेली असते. उरतात ते डोह. मरळ, वाम, शिंगाडा यांचे वाचलेले बीज तेथेच उन्हाळा काढते आणि मृगाचे पाणी आले म्हणजे त्यातूनच नदी पुन्हा भरते. अशा डोहात एका रात्री कोणी विष कालविले किंवा सुरुंग उडविला, तर पुढली पिढीच बुडाली. या दोहोंस बंदी करणारा कायदा १८९७ सालचा आहे. सव्वाशे वर्षांत त्याने किती डोह राखले? जिल्ह्याच्या ठिकाणचा अंमलदार मध्यरात्री डोहावर कसा असणार? तेथे असतो तो भोई, गोंड, कोलाम. आणि त्यालाच आपण त्या पाण्यावर उपरा ठरविले आहे.

धरणात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले की काम झाले, असे सांगण्यात येते. या माशांशी आमचे वैर नाही. परंतु साचल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत, म्हणून बीज पुनःपुन्हा आणावे लागते. खळ्यात विकतचे धान्य ओतल्याने शेत पिकले, असे कोणी म्हणतो काय?

लोकांच्या हाती पाणी दिल्यास काय होते, हे पाहावयास विलायतेस जावयास नको. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढिवर स्त्रीपुरुषांनी मालगुजारी तलावांतील बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लाविल्या. देशी मासे परतू लागले. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा वाढतो, हे त्यांस ठाऊक होते. आम्हां पदवीधरांस माशाचे नाव तो ताटात आल्यावर कळते!

तलाव म्हणजे नदी नव्हे, हा आक्षेप मात्र खरा आहे. वरच्या गावाने विष टाकले, तर खालच्याने डोह राखून काय उपयोग? म्हणून एका काठाच्या सर्व ग्रामसभांनी एकत्र बसले पाहिजे. त्यास आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनातील जलाशयांच्या माशांवर सामुदायिक हक्क मान्य केला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशय पंचायतींकडे सोपविले, आणि घाटंजी व केळापूर तालुक्यांतील कितीतरी गावे त्या क्षेत्रात मोडतात. मात्र ज्या ग्रामसभेत भोयाला बोलू देत नाहीत, तिनेच डोहाचा लिलाव केला, तर तालुक्याचा ठेकेदार जाऊन गावचा आला, एवढेच. ज्याच्या हाती जाळे, त्याचा शब्द तेथे प्रथम चालला पाहिजे. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तशी मृगापासून दोन महिने जाळी वर, प्रत्येक काठी एक डोह कायमचा राखीव, आणि पहाऱ्याचा अधिकार भोयांच्या हाती लेखी, एवढेच आमचे मागणे आहे.