शिर्डीला मालवाहू विमान कशाला?

शिर्डीच्या विमानतळावर मालवाहू विमाने उतरावीत, इथले पेरू-डाळिंब थेट परदेशी जावे, ही मागणी अहिल्यानगर जिल्ह्यात अधूनमधून डोके वर काढते. ऐकायला छान वाटते. पण तातडीची हवाई मालवाहतूक नुसत्या धावपट्टीवर उभी राहत नाही. तिला घड्याळ लागते. ते कसे लावायचे, हे देशाला पहिल्यांदा दाखवले नागपूरने.

जानेवारी 1949 मध्ये, रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असताना, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमाने रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची: मुंबईची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या. मग जो तो आपापल्या गावी परत. या विमानांतून प्रवासीही जात. त्या बिचाऱ्यांची झोप नागपुरात मोडायची ती मोडायचीच. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात, नागपूर मध्ये धरले की चार. फरक किरकोळ वाटेल, पण शहरे दहा झाली की थेट मार्ग 45 होतात आणि मधल्या ठाण्यातून फक्त दहा.

अमेरिकेत फ्रेडरिक स्मिथ यांच्या फेडएक्सने मेम्फिसहून हाच खेळ मांडला तो एप्रिल 1973 मध्ये. पहिल्या रात्री 14 छोटी विमाने, 25 शहरे आणि अवघी 186 पार्सले! आपल्याकडे 1996 पासून ब्लू डार्टची विमाने मोठ्या शहरांदरम्यान रात्रीच्या फेऱ्या मारतात.

आता शिर्डीचा विमानतळ जिथे आहे, ते काकडी. कोपरगाव तालुक्यातल्या या गावचा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला. तो चालवते महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, म्हणजे नागपूरच्या मिहान या मालवाहतूक केंद्राचे स्वप्न पाहणारीच. धावपट्टी 2500 मीटरची. मात्र इथल्या विमानांच्या वेळा साईभक्तांच्या सोयीने ठरतात, आणि त्यात गैर काहीच नाही. तातडीच्या मालाचे गणित वेगळे. तो संध्याकाळी गोळा होतो, मध्यरात्री शहरांप्रमाणे वेगळा होतो, पहाटे उतरतो. शिवाय बोइंग 737 जातीचे मालवाहू विमान 20 टनांच्या आसपास माल मागते. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. डाळिंबाचा बहार संपल्यावर त्यात भरायचे काय? आणि परतीच्या फेरीत येणार काय? एका बाजूने रिकामे उडणारे विमान कोणतीही कंपनी फार दिवस पोसत नाही.

जिल्ह्याचा खरा वेळ जमिनीवर जातो. अकोळनेरची शेवंती दिवसा तोडून संध्याकाळी टेम्पोत चढते आणि पहाटेच्या बाजाराला पुण्याच्या गुलटेकडीत पोचते; हे जाळे शेतकरी आणि टेम्पोवाल्यांनी कोणत्याही योजनेविना उभे केले आहे. उलट सुप्याच्या एमआयडीसीतला तातडीचा सुटा भाग पुण्याच्या लोहगाव विमानतळावरच्या विमानासाठी निघतो आणि शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडीत अडकतो. विमानाने वाचवलेला तास तिथेच खर्ची पडतो. रात्रीचे विमान चुकले की पार्सल तासभर नव्हे, अख्खा दिवस मागे पडते.

दुसरीकडे समृद्धी महामार्ग आहे. 701 किलोमीटरचा हा रस्ता कोपरगाव तालुक्यातून जातो आणि जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. तिकडे मुंबईचा विमानतळ तर होताच, नवी मुंबईचाही आता सुरू झाला आहे. कोपरगाव, राहाता, संगमनेरच्या मालाला जगाकडे जाणारी वाट या रस्त्यानेच स्वस्त पडेल. बंगळूर, हैदराबाद, दिल्लीसाठी काकडीच्या प्रवासी विमानांच्या पोटातली जागा आहेच. तिला किती मागणी आहे, ते आधी अजमावावे.

म्हणून लोकप्रतिनिधींनी मालवाहू विमानाचा हट्ट तूर्त बाजूला ठेवावा. काकडीत शीतगृह आणि मालतपासणीची पुरेशी सोय, राहाता-संगमनेरहून ठरल्या वेळी सुटणाऱ्या थंड गाड्या आणि वाघोलीच्या कोंडीवर तोडगा, एवढे आधी पदरात पाडून घ्यावे. रोज 20 टन माल सलग वर्षभर निघू लागला, तर विमान कंपन्यांना बोलवायला कुणाला जावे लागणार नाही.