पेशींचे वय आणि घरातले ओझे

पहाटे पाचला उठून डबे भरायचे, सासूबाईंची औषधे काढून ठेवायची, धावतपळत डोंबिवली स्थानक गाठायचे आणि गाडीत लोंबकळत ठाण्याच्या पुढे जायचे. पंचेचाळिशीच्या अशा बाईला मोबाइलवर हल्ली ‘वय थांबवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती दिसतात. त्यांतला परवलीचा शब्द म्हणजे टेलोमरेज.

हे विकर खरे आहे. साडीचे टोक उसवू नये म्हणून आपण पिको करतो, तशीच गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअरची शिवण असते. पेशी विभागली की ती थोडी झिजते, आणि टेलोमरेज ती पुन्हा घालते. या शोधासाठी २००९ चे नोबेल तिघांना मिळाले. त्यांत एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर या दोन स्त्रिया होत्या.

ब्लॅकबर्न यांनी मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांच्यासह २००४ मध्ये ५८ मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३९ जणी दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांची शुश्रूषा करत होत्या. ज्यांना ताण सर्वाधिक जाणवत होता, त्यांच्यात टेलोमरेजची क्रिया मंद आणि टेलोमिअर आखूड आढळले. पेशी जणू किमान दहा वर्षांनी थकलेल्या. शुश्रूषेची वर्षे जितकी जास्त, तितकी झीज जास्त. अभ्यास छोटा होता आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही तो आमच्या मते कोणत्याही जाहिरातीपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण त्यातली बाई ओळखीची वाटते.

इस्ट्रोजेन टेलोमरेजला चालना देते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रजोनिवृत्तीत ते घटते, आणि नेमके तेव्हाच मुलांची बारावी व सासू-सासऱ्यांचे गुडघे एकदम पुढ्यात येतात. मग गोळीने टेलोमरेज वाढवले तर? इथे सावध व्हायला हवे. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांच्या पेशी याच विकराच्या जोरावर अमर्याद वाढतात. स्तनाच्या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळीला हातही लावू नये.

टेलोमिअर मोजून देणाऱ्या महागड्या चाचण्याही विकल्या जातात. त्यांच्या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच पैशांत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासून होईल, रक्तदाबही मोजता येईल. आणि सासूबाईंना फिजिओथेरपीला नेण्याची पाळी शनिवारी मुलाने घ्यावी. त्याला तर काहीच खर्च नाही.