सिस्टरला माहीत आहे, नळाला पाणी आहे का?

मागच्या महिन्यात नर्सिंगच्या दोन मुली प्रश्नावली घेऊन माझ्या सिडकोतल्या घरी आल्या. संसर्ग रोखण्याबद्दल परिचारिकांना किती माहिती असते, हा त्यांचा प्रकल्प. पिवळ्या पिशवीत काय टाकायचं, लाल पिशवीत काय, सुया कुठल्या डब्यात, हात धुण्याच्या पाच वेळा कोणत्या? 31 वर्षं नोकरी करून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. ही उत्तरं झोपेतून उठवलं तरी देईन. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "पोरींनो, एक प्रश्न राहिला. वॉर्डातल्या बेसिनला पाणी येतं का?"

हा प्रश्न आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नाथसागर पैठणला, पन्नासेक किलोमीटरवर, आणि आपण दिवस मोजत टाक्या भरतो. माझ्या वॉर्डात कित्येक उन्हाळे बेसिनखाली बादली आणि मग असायचा. धुतलेल्या हातानं पुन्हा तोच मग धरायचा. पाणी घालायला मावशींना हाक मारावी, तर त्या एकट्या दोन वॉर्ड सांभाळत.

आता हिशेब करा. रात्रपाळीला 40 रुग्ण आणि सिस्टर एकच, अशा रात्री मी पुष्कळ काढल्या. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना साबणानं नीट हात धुवायचे तर निदान 40 सेकंद लागतात. 40 रुग्णांचे झाले 1600 सेकंद, म्हणजे जवळजवळ 27 मिनिटं. हे इंजेक्शनच्या एका फेरीचं. बेसिनपर्यंतचे हेलपाटे यात धरलेले नाहीत, एखाद्याची सलाईन थांबली किंवा कुणाला धाप लागली तर तेही नाही. हात दिसायला मळलेले नसतील, तर अल्कोहोलच्या हँडरबनं हेच काम 20 सेकंदांत जागच्या जागी होतं. म्हणून प्रत्येक खाटेपाशी बाटली हवी. पण ती इनचार्जच्या कपाटात कुलपात असते, कारण संपली तर नव्या मागणीच्या इंडेंटवर सही कोण करणार!

हातमोज्यांचंही तसंच. तेच मोजे घालून चार खाटा करणारी सिस्टर मी पाहिली आहे, आणि माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ते केलं आहे. मोजे आपल्याला वाचवतात, पुढच्या रुग्णाला नाही.

1994 मध्ये पहाटे चारला सुईवर टोपण बसवताना ती माझ्या अंगठ्यात गेली. वरिष्ठ म्हणाल्या, "पिळून काढ, डेटॉल लाव, कुठं बोलू नकोस." पिळणं चूक आहे, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं असतं, हे मला नंतर कळलं. हिपॅटायटिस बीची लस तोवर मला कुणी दिली नव्हती. तपासणीचा शेवटचा अहवाल येईपर्यंत सहा महिने मी घरी लेकराचा मुका घेतला नाही. आज एचआयव्हीची भीती असेल तर औषध पहिल्या दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करता येतं. पण सुई टोचल्याचं सांगितलं की आधी बोलणी बसतात, म्हणून मुली गप्प राहतात.

आणि दरवेळी नजर फक्त नर्सच्या हातांवर का? 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरला दिसलं ते उलटंच होतं. सुईणींच्या प्रसूतिकक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी जास्त मरत, कारण ते शवविच्छेदन करून थेट तिकडे येत. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू घटले. आपल्याकडे राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना "सर, हात" एवढं म्हणायची हिंमत किती सिस्टरांना होते? ती मुभा अधिष्ठात्यांनी, अधीक्षकांनी लेखी द्यावी. त्याला पैसा लागत नाही.

मराठवाड्यातून घाटी रुग्णालयात किंवा शहरातल्या कुठल्याही दवाखान्यात नातलगाला भेटायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे. रुग्णाच्या खाटेवर बसू नका. सिस्टर "हात धुऊन या" म्हणाली, तर रागावू नका. आणि बेसिनला पाणी नसेल, तर तिच्याशी भांडू नका. वॉर्ड नंबर आणि तारीख घालून अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. ती तक्रार वॉर्डातल्या सिस्टरला करता येत नाही, तुम्हाला येते.