हेड उघडावं लागेल!

जुनी मोटार घेतल्यावर पेढे खायला येणारी आणि ती बिघडल्यावर सल्ला द्यायला येणारी मंडळी एकच असतात. त्यांतले निम्मे म्हणतात, "विकून मोकळे व्हा." उरलेले म्हणतात, "एवढे घातलेत, तर आणखी थोडे घाला." या दुसऱ्या पक्षाचे तर्कशास्त्र आमच्या सौभाग्यवतींना मुळीच मान्य नाही.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवरची, 2,10,000 रुपयांना घेतलेली. पाचव्या आठवड्यात खंबाटकीच्या चढावर काटा लाल रेघेला टेकला. मिस्त्रींनी इंजिनच्या तेलाचे झाकण काढून आतला दुधाळ फेस दाखवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सर, हेड उघडावं लागेल. अठ्ठेचाळीस हजार धरून चाला."

इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये पातळसे गॅस्केट असते. तेल, पाणी आणि पेटलेला वायू या तिघांना ते आपापल्या घरात ठेवते. इंजिन फार तापून हेड वाकले, की ही भिंत फुटते आणि पाणी तेलात शिरते. मात्र नुसता फेस हा पुरावा नव्हे. थंडीत थोड्या अंतरापुरत्या फिरणाऱ्या निरोगी गाडीतही वाफ धरून तो येतो. म्हणून आम्ही आधी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला लावला. शेजारशेजारच्या दोघांत तो पडलेला निघाला. मग बोलणेच खुंटले.

गाडी एका गृहस्थांकडून खासगीत घेतलेली. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचे 16 वे कलम, काही अपवाद सोडले तर, मालाची पारख घेणाऱ्यावरच टाकते. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे दार तरी ठोठावता येते. दोष ठाऊक असून लपवला असेल, तर 1872 चा करार कायदा आहे. पण ते सिद्ध कोण करणार? "माझ्याकडे कधी तापली नाही हो," असे ते गृहस्थ फोनवर म्हणाले. खरेही असेल.

सौभाग्यवतींनी वही काढली. "अहो, ते दोन लाख दहा हजार विसरा. ते गेले. या अठ्ठेचाळीस हजारांत आपल्याला काय मिळतं, तेवढं सांगा."

हिशेब आईचा होता. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी वाईहून साताऱ्याला नेण्याआणण्याचे भाडे 1,500 रुपये. आपल्या गाडीला पेट्रोल 500 चे. महिन्याच्या आठ खेपांत 8,000 वाचतात. सहा महिने गाडी धड चालली, की दुरुस्ती फिटली. आईचे डायलिसिस सहा महिन्यांत संपणारे नाही, हे वहीत कुणी लिहिले नाही.

मिस्त्रींना सांगितले, हेडची पातळी मोजा, लागेल तरच घासा, जुने गॅस्केट आम्हांला परत द्या. आणि मुळात गाडी तापली का, ते आधी शोधा, नाहीतर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जायचे.

"शोधलंय, सर. रेडिएटर निम्मा चोंदलाय. त्याचे साडेचार हजार वेगळे."

सौभाग्यवतींनी आकडा वाढवला आणि गुरुवारच्या भाड्याच्या गाडीसाठी फोन लावला.