स्टिकर क्लेमला, रुग्णाच्या हाती काय?

पाटण, दहिवडी, विटा, जत इथल्या फॅमिली डॉक्टरांची पत्रे गेले काही महिने सतत येत आहेत. तक्रार थोड्याफार फरकाने एकच. अँजिओप्लास्टी होऊन वर्ष-दीड वर्ष झालेला रुग्ण चढ चढताना छाती भरून येते म्हणून दवाखान्यात येतो. त्याच्या पिशवीतल्या डिस्चार्ज कार्डावर एवढेच लिहिलेले असते : ‘पीटीसीए विथ डीईएस टू एलएडी’. स्टेंट कोणता, किती मिलिमीटरचा, एक की दोन, डायगोनलच्या तोंडाशी काही केले का, आयव्हस किंवा ओसीटी झाले का, याचा पत्ता नाही.

हाच रुग्ण पुढे कराड, मिरज किंवा कोल्हापूरच्या कॅथ लॅबमध्ये जातो आणि तिथला डॉक्टर अंदाजाने काम सुरू करतो. पातळ स्ट्रटचा कोबाल्ट-क्रोमियम स्टेंट फ्लुओरोवर धड दिसत नाही. रिस्टेनोसिस स्टेंटच्या कडेला आहे की मधोमध, हे शोधण्यातच कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि मधुमेहाने मूत्रपिंड थकलेल्या माणसाला तो परवडत नाही. साडेतीन मिलिमीटरच्या एलएडीत अडीचचा स्टेंट बसवला असेल, तर मुळातला दोष मापाचा आहे. तो स्टेंट कितपत ताणता येईल, हे ब्रँड कळल्याशिवाय सांगता येत नाही. आधीच दोन थर असतील तर तिसरा घालण्याआधी ड्रग-कोटेड बलूनचा, नाहीतर बायपासचा विचार करावा लागतो. हे सगळे निर्णय ज्या कागदावर अवलंबून आहेत, तो कागदच रुग्णाकडे नसतो.

तो असतो कुठे? स्टेंटच्या डब्यात सोलून चिकटवायचे स्टिकर येतात. त्यांवर नाव, व्यास, लांबी, लॉट नंबर छापलेला असतो. रुग्णाला द्यायचे इम्प्लांट कार्डही बहुतेक कंपन्या डब्यात घालतात. एक स्टिकर लॅबच्या रजिस्टरला लागतो, एक केस पेपरला, एक क्लेमला. क्लेमला तो नसेल तर क्वेरी पडते, पैसे अडकतात. म्हणून तो कधी विसरला जात नाही. रुग्णाचे कार्ड मात्र रिकाम्या डब्याबरोबर कचऱ्यात जाते.

फेब्रुवारी 2017 मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने बेअर मेटल स्टेंटला 7,260 आणि ड्रग-इल्युटिंग स्टेंटला 29,600 रुपयांची मर्यादा घातली, ती सर्वांच्या लक्षात आहे. त्याच आदेशात बिलावर स्टेंटची किंमत वेगळी दाखवून ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबर लिहिण्याचे बंधन आहे. पण सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नोव्हेंबर 2013 पासून सरकारी आरोग्य योजना आली आणि आज गरिबाची अँजिओप्लास्टी बहुधा कॅशलेस होते. कॅशलेस रुग्णाच्या हाती असे तपशीलवार बिल पडतच नाही! बिल भरणाऱ्याला माहिती मिळावी आणि योजनेतल्या शेतमजुराला मिळू नये, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही. क्लेम तपासणारा अधिकारी स्टिकर बारकाईने पाहतो. त्याची प्रत रुग्णाला दिली का, हा एक प्रश्न त्याच पडद्यावर विचारायला काय अडचण आहे?

आपल्या भागाला याची झळ जास्त बसते. पाटण-जावळीचा माथाडी कामगार नवी मुंबईत स्टेंट घालून घेतो, खानापूर-आटपाडीचा गलाई व्यावसायिक थेट केरळ-तामिळनाडूत. जत्रेला गावी आल्यावर त्रास झाला की मूळ हॉस्पिटल शेकडो किलोमीटरवर असते.

आता आपल्याच संघटनेच्या डॉक्टर सभासदांविषयी. दाढ काढायची, हायड्रोसीलचे ऑपरेशन करायचे, म्हणून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही बंद करण्याच्या चिठ्ठ्या अजून लिहिल्या जातात. स्टेंटची तारीख कार्डावर वाचता येत नाही, ही सबब चालणार नाही. फोन उचला, विचारा. रिस्टेनोसिस सवड देतो, थ्रॉम्बोसिस देत नाही. पहिल्या महिन्यात तर मुळीच नाही. अॅस्पिरिन चालू ठेवून, बहुतेकदा दोन्ही गोळ्या चालू ठेवूनही, स्थानिक उपायांनी रक्त थांबवून दाढ काढता येते. हायड्रोसील काही महिने थांबू शकते.

बेअर मेटलच्या काळात चार-पाच रुग्णांत एकाचा स्टेंट पुन्हा अरुंद व्हायचा. औषधी स्टेंटने ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आणले आणि आपण निर्धास्त झालो. पण अँजिओप्लास्टीच इतक्या वाढल्या आहेत की ते थोडे टक्केही रोज कुठल्या ना कुठल्या ओपीडीत दिसतात. एखाद्या लॉटमध्ये दोष असल्याची शंका आली, तर 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवता येते. पण लॉट नंबरच माहीत नसेल तर कळवणार काय?

कॅथ लॅब चालवणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती : डब्यातले कार्ड भरून डिस्चार्ज कार्डाला स्टेपल करा आणि अँजिओची सीडी मागितल्याशिवाय द्या. आरोग्यमित्रांना सांगा, ते पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. फॅमिली डॉक्टरांनो, पहिल्या फॉलोअपला स्टिकरचा फोटो रुग्णाच्या आणि त्याच्या मुलाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. स्टिकर नसेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला लेखी मागणी करा आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवा. या प्रती एकत्र करून आम्ही दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांना देणार आहोत. पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत पाठवा.